दक्षिणेची बाग

“मराठी माणूस पाण्याला घाबरतो, ही इंग्रजांनी उठवलेली आवई आहे!” रविकांतने वल्हं तलवारीसारखं उंच धरलं. “अरे, समुद्रात किल्ले बांधले आपण. समुद्रात! हे डच लोक पाणी मागे रेटत बसले. आपण त्याच्या छाताडावर जाऊन बसलो.”

एवढं बोलून तो पडला. पाणी गुडघाभर होतं. तरीही “धरा, धरा!” असा जो पुकारा झाला, तो ऐकून आल्समेरच्या तळ्यावरची बदकं उडाली आणि पाण्यावर वल्हवायचे बोर्ड भाड्याने देणाऱ्या उंच डच बाईने टपरीतून मान बाहेर काढली, पाहिलं आणि मान परत आत नेली. रविकांतच्या अंगात लाइफ जॅकेट होतं आणि त्यावर बायकोचंही होतं. एक जॅकेट डच माणसाच्या हिशेबाने बनवलेलं असतं आणि डच माणूस मुळातच तरंगतो, असं त्याचं म्हणणं होतं.

किल्ले बांधले ते पाण्यात उतरावं लागू नये म्हणूनच, हे वाक्य काठावर बोर्डात हवा भरणाऱ्या जयेशच्या ओठांवर आलं होतं. तो बोलला नाही. अलीकडे तो पुष्कळ गोष्टी ओठांपर्यंत आणून परत पाठवत असे. त्याने पंपाचा दांडा खाली दाबला, वर ओढला, पुन्हा खाली दाबला.

पलीकडे गवतावर त्याची बायको सुमेधा शीड जोडत होती. डोलकाठी कापडाच्या बाहीत सरकवायची, टोकाला पाय लावून दोरी ताणायची, शीड टणक झालं की टिचकी मारून बघायची. पूर्वी दोरी ताणताना ती हाक मारायची, “जरा धर रे.” मग जयेश धरायचा, नको तिथे धरायचा, आणि ती हसायची. आता तिने दोरी कमरेच्या पट्ट्याच्या आकड्यात अडकवली आणि नुसती मागे झुकली. शीड निमूट ताणलं गेलं.

विंडसर्फिंगचा कोर्स तिला वाढदिवसाची भेट म्हणून जयेशनेच दिला होता. तेव्हा ती पुण्यातली बरी नोकरी सोडून त्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधून आलेली होती आणि हूफडॉर्पच्या घराच्या खिडकीत बसून उतरणारी विमानं बघायची. “तेवढाच तुझा वेळ जाईल,” तो म्हणाला होता. वेळ गेला. ती वाऱ्यावर उभी राहायला शिकली, मग डच शिकली, मग नोकरीला लागली. आणि आता पुढच्या आठवड्यात तीही चालली होती. बेस्ट नावाच्या गावाला, नव्या नोकरीसाठी, एकटी. कायमची.

भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. पण त्यांच्यात धड एक भांडणसुद्धा उरलं नव्हतं. बोलणं व्हायचं ते आज कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, हिरवा की करडा, एवढंच. जूनमधल्या एका संध्याकाळी सुमेधा हिरवा डबा रस्त्यावर ठेवून आली, तिने हात धुतले, पुसले आणि म्हणाली, “जयेश, आपण आता थांबू या.” बराच वेळ जयेश करड्या डब्याचा विचार करत होता.

ठरलं होतं ते असं. आज सहलीच्या शेवटी मित्रांना सांगायचं आणि संध्याकाळी पुण्याला फोन करून दोघांच्या आईवडिलांना. मध्ये रात्र जाऊ देण्याची सोय नव्हती. हूफडॉर्पमधली बातमी कोथरूडला पोचायला एका जेवणाइतकाच वेळ लागतो, हे सर्वांना अनुभवाने ठाऊक होतं.

जयेशने एकट्याने ठरवलं होतं ते निराळंच. आज तिला सांगू द्यायचं नाही. चार माणसांत झाल्याशिवाय आपल्याकडे साखरपुडासुद्धा मोजत नाहीत. मग चार माणसांना कळल्याशिवाय हे तरी झालं असं कसं म्हणायचं? आज टळलं तर पुढचा शनिवार. पुढचा टळला तर गणपती. गणपतीत असलं कोणी बोलत नाही. मग पितृपक्ष, त्यात तर नाहीच नाही. पंचांग आपल्या बाजूचं आहे, असं त्याला वाटत होतं.

फक्त तिच्याशी एकांतात दोन शब्द बोलायला हवे होते. काठावर एकांत नव्हता. तिथे वृंदा होती, रविकांतची बायको, जी पाण्यात पाय घालत नसे पण पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी खाऊ घालत असे. शिवाय सगळ्यांची मैत्रीण चैत्राली होती. ती बेस्टलाच नोकरी करायची आणि आज एवढ्या लांबून खास आली होती. तेव्हा एकांत काय तो तळ्याच्या मधोमध.

जयेश निघाला. बोर्ड उभं राहून वल्हवायचा होता. जयेश त्यावर सत्यनारायणापुढे नमस्काराला बसल्यासारखा गुडघ्यांवर बसला होता. तीन उन्हाळे झाले तरी तो उभा राहू शकला नव्हता; उभं राहिलं की पाय असे थरथरत, की बोर्डालाच त्याची काळजी वाटावी. तो मधोमध पोचला आणि सुमेधा शीड तिरकं करून सरसर त्याच्याच दिशेने आली.

“सुमेधा, आज नको...”

ती निघून गेली. विंडसर्फिंगमध्ये थांबणं हा प्रकार नसतो. ती दूर लव्हाळ्यांपर्यंत गेली, वळली, परत आली. जयेशने पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं.

“म्हणजे मी काय म्हणतो, थोडं...”

“काय?” ती ओरडली आणि गेली.

तिसऱ्या खेपेला त्याने सगळं एका दमात सांगायचं ठरवलं. छाती भरून घेतली. ती जवळ आली. तिचे केस ओले होते, डोळे वाऱ्याने बारीक झाले होते आणि चेहऱ्यावर ते होतं जे घरात त्याला कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं. ती खूश होती. त्याने तोंड उघडलं आणि डोक्यावरून एक विमान चाकं खाली काढून स्किपोल विमानतळाकडे गेलं. ‘मी बदलेन’ असं तो म्हणाला. ते विमानाने ऐकलं असेल तर असेल.

सुमेधाने हात हलवला. तिला वाटलं, तो तिचं कौतुक करतोय.

एवढ्यात रविकांत बोर्डावर पालथा पडून, हातांनी पाणी मारत त्याच्याजवळ आला. त्याचं वल्हं मघाशीच वाहून गेलं होतं.

“एवढं टेन्शन घेऊ नकोस,” तो धापा टाकत म्हणाला. “आम्हाला कळलंय.”

“काय कळलंय?”

“अरे, सुमेधाचा वृंदाला मेसेज आला ना, ‘शनिवारी आम्हा दोघांना काही सांगायचंय’ म्हणून. बाकीचं चैत्रालीने सांगितलं. लपवण्यासारखं काय आहे त्यात?”

जयेशचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं. “तुम्हाला धक्का नाही बसला?”

“धक्का कसला? उलट तुम्ही उशीरच केलात. मी वृंदाला कधीचा म्हणतोय, आपणही एकदाचं करून टाकू. ती म्हणते, आधी मुलाची शाळा होऊ दे.”

जयेश त्याच्याकडे बघत राहिला. वीस माणसांच्या स्वयंपाकाला न डगमगणारी ती वृंदा, आणि हा.

“वृंदाने तर पेढे केलेत,” रविकांत म्हणाला.

“पेढे?”

“मग? अशा बातमीला चिवडा देणार का?”

जयेशने बोर्ड काठाकडे वळवला. माणसं इतकी पुढारली आणि आपल्याला पत्ताच नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. म्हणजे कळलेलं आहे. म्हणजे झालं.

*

गवतावर चादर अंथरली होती. बोर्डांपेक्षा डबे जास्त होते. साबुदाणावडे, थालीपीठं, दही, दोन चटण्या आणि चुकून कोणी उपाशी राहिलंच तर भात. खाणं झाल्यावर रविकांतने टाळी वाजवली आणि सगळ्यांना गोल बसवलं. स्लोटरडाइकच्या ऑफिसात तो प्रत्येक कामाच्या शेवटी माणसांना असंच बसवून काय झालं, काय बिघडलं ते वदवून घेत असे. ही सवय त्याने घरी नेली, गणेश मंडळात नेली, आणि एकदा सासऱ्यांच्या बाराव्यालाही तो टाळी वाजवण्याच्या बेतात होता. वृंदाने वेळेवर हात धरला.

“बोला. आज काय चांगलं झालं?”

“कोणी बुडालं नाही,” चैत्राली म्हणाली.

“काय बिघडलं?”

“हिरव्या चटणीचं झाकण,” वृंदा म्हणाली. “आणि तुमचं एक वल्हं. ती बाई मघापासून बघतेय इकडे.”

“पुढच्या वेळी काय सुधारायला हवं?”

“तुम्ही.”

सगळे हसले. रविकांतही हसला. मग त्याने घसा साफ केला. “आता इतर विषय. कोणाला काही सांगायचंय?”

हे इतक्या खोट्या भोळेपणाने विचारलं गेलं, की सगळ्यांनी एकदम सुमेधाकडे पाहिलं. सुमेधाने टॉवेल खांद्यावर सारखा केला. जयेशने गवताचं एक पातं उपटलं, मग दुसरं.

“आम्हाला,” ती म्हणाली, “म्हणजे मला आणि जयेशला...”

तिचं तोंड उघडं होतं, त्यात वृंदाने पेढा घातला.

“अभिनंदन!” वृंदा ओरडली. “किती ताणायचं गं माणसाने! घर घेतलंत ना?”

“मी पाहिलं होतं तुला,” चैत्राली म्हणाली. “बेस्टला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. घरं दाखवणाऱ्या त्या एजंटबरोबर. हाकच मारणार होते, पण म्हटलं नको, दृष्ट लागायची.”

यात त्यांचा तसा दोष नव्हता. हूफडॉर्पच्या मराठी मंडळींत नवरा-बायको ‘आम्हाला काही सांगायचंय’ म्हणाले, तर त्याचे तीनच अर्थ होत. मूल, डच पासपोर्ट किंवा घर. मुलाचं वय दोघांनी ओलांडलं होतं. पासपोर्टसाठीची डच बोलण्याची परीक्षा जयेश नापास झाल्याचं सर्वांना माहीत होतं. उरलं घर. चौथा अर्थ कोणाकडे नव्हताच.

सुमेधा पेढा चघळत होती. दूध पावडरचा पेढा. तो गिळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेली. वृंदाच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. मग तिने जयेशकडे पाहिलं आणि म्हणाली,

“हो. बेस्टला. मिळालं घर.”

टाळ्या झाल्या. पलीकडच्या एका डच म्हातारीनेही कशासाठी ते न विचारता हात हलवला.

जयेश तिच्याकडे बघत होता. त्याच्या छातीत काहीतरी हळूच सरळ होऊन बसलं. घर कुठलं मिळायला! त्याच्या माहितीप्रमाणे ती अजून शोधतच होती. ती खोटं बोलली. आयुष्यात ज्या बाईने दूधवाल्यालाही खोटं सांगितलं नाही, ती सगळ्यांदेखत, त्याच्यासाठी, खोटं बोलली. सोडून जाणारं माणूस असं करतं का? सोडून जाणाऱ्याला काय पडलेली असते!

“कसंय घर?” रविकांतने विचारलं. “सांग की रे, मूग गिळलेस का?”

आणि जयेश सांगू लागला.

“छान आहे,” तो म्हणाला. “म्हणजे जुनं आहे, पण भक्कम. खाली एक खोली आहे, ती आईला. तिला जिना जमत नाही ना.” आई गेली दोन वर्षं विमानालाच नाही म्हणत होती, पण खोली तयार झाली. “किचन मोठं आहे. सुमेधाला ओटा उंच लागतो, तो करून घेऊ. आणि मागे बाग आहे. दक्षिणेला.”

“दक्षिणेला?” वृंदा दचकली. “भावजी, दक्षिण कशी चालेल? शांत करावी लागेल.”

“अगं, इथे सूर्य दक्षिणेलाच असतो,” रविकांत म्हणाला. “दक्षिणेची बाग म्हणजे इथे लॉटरी. डच माणूस त्यासाठी जीव देतो.”

“बागेत एक सफरचंदाचं झाड आहे,” जयेश म्हणाला. त्याला आता थांबता येईना. “एका बाजूला तिचे बोर्ड ठेवायला शेड. शीडं वाळत घालायला दोरी. मी म्हटलं, शनिवारी सगळे तिथेच येतील. रविकांतसाठी लहान मुलांचा टब ठेवू, गुडघाभर पाण्याचा.”

सगळे खदखदून हसले. किती दिवसांनी त्याने कोणाला हसवलं होतं! त्याने सुमेधाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती ऐकत होती. लक्ष देऊन, मान किंचित कलती करून, जणू कोणी तिला एका चांगल्या घराची जाहिरात वाचून दाखवत होतं आणि ते घर आधीच दुसऱ्या कोणाला गेलं होतं.

“वास्तुशांतीला दोघांनी जोडीने बसायचं,” वृंदाने फर्मान काढलं. “आणि नव्या चुलीवर दूध मी उतू घालवणार. तुमच्या त्या बिनजाळाच्या शेगडीवर उतू जातं की नाही कोण जाणे, पण मी घालवीन.”

चैत्रालीने फोटो काढला. फोटोसाठी जयेशने सुमेधाला पेढा भरवला. तिने तो खाल्ला. त्याच्या बोटांना तिचे ओठ लागले. ते तळ्याच्या पाण्यासारखे थंडगार होते.

*

बाकीचे डबे गाडीकडे नेत होते. रविकांत त्या उंच बाईला वाऱ्याचा वेग आणि वल्ह्याचं हरवणं यांतला संबंध समजावून सांगत होता. सुमेधा शीड सोडत होती. जयेश जाऊन डोलकाठीच्या टोकाशी उभा राहिला आणि तिने न सांगताच काठी धरली. या खेपेला योग्य जागी धरली.

“थँक यू,” तो म्हणाला.

“कशाबद्दल?”

“सांभाळून घेतलंस. सगळ्यांसमोर.” तो जरा लाजून हसला. “मीही वाहवलो थोडा. बाग वगैरे.”

“बाग नाहीये,” सुमेधा म्हणाली. “तिसरा मजला आहे.”

तो हसला. खेळ आता दोघांचा होता आणि तो मोडू नये, म्हणून त्याने विचारलं, “मग आईच्या खोलीचं काय?”

“एकच खोली आहे, जयेश.”

ती शीड गुंडाळत होती. खालून वर, घट्ट, हवा काढत.

“किल्ली मंगळवारी मिळाली,” ती म्हणाली. “भाड्याचं आहे. पण मिळालं. तुला ठाऊक आहे इथे काय मारामार असते ती. खिडकीतून रेल्वे दिसते.”

जयेशने काठी धरून ठेवली होती, जरी तिला आता धरण्याची गरज नव्हती.

“म्हणजे तू खोटं नव्हतीस बोलत.”

“मी कधी तुझ्याशी खोटं बोलले?”

त्याने आठवून पाहिलं. एकदा तरी बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“मग बाकीचं का नाही सांगितलंस? तोंड तर उघडलं होतंस.”

सुमेधाने गुंडाळलेलं शीड पिशवीत घातलं. चेन ओढता ओढता ती थांबली.

“सांगणारच होते रे. पण वृंदाने पेढा भरवला ना...” ती तळ्याकडे बघत होती. “त्या खोलीची किल्ली घेतली, त्या दिवशी मी प्लॅटफॉर्मवर एकटीच उभी होते. इतका आनंद झाला होता, आणि सांगायचं कोणाला? ज्याला सांगावं तो आधी रडेल, नाहीतर समजवायला लागेल. त्या घराबद्दल मला कोणी पेढा भरवेल असं कधी वाटलंच नव्हतं. म्हटलं, होऊ दे पाच मिनिटं.”

वारा पडला होता. तळ्यावर एकही शीड उरलं नव्हतं आणि पाणी असं सपाट झालं होतं, की त्यावर आता तोसुद्धा उभा राहिला असता.

“मग यांना पुढच्या शनिवारी सांगू या?” त्याने विचारलं. आवाज जेवढा सहज ठेवता येईल तेवढा ठेवला होता.

“नको. संध्याकाळी पुण्याला फोन करायचाच आहे. त्याच्या आत यांना कळलेलं बरं. परत जाताना गाडीत तू रविकांतशेजारी बसशील, तेव्हा तूच सांग.” ती थांबली. “तुला सांगता येतं छान.”

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर त्याला उलट बोलता आलं असतं.

लांबून वृंदाने हाक दिली, “चला नवे घरमालक!” सुमेधाने पिशवी खांद्यावर घेतली, चार पावलं गेली आणि वळून परत आली. दिवसभरात पहिल्यांदाच ती घुटमळताना दिसली. ओल्या हाताने तिने त्याच्या बाहीला हळूच धरलं.

“जयेश, एक मागू? नाही म्हणालास तरी चालेल.”

“माग ना,” तो म्हणाला. आणि तेवढ्या एका क्षणात त्याने सगळं देऊन टाकलं. आईची खोली, उंच ओटा, सफरचंदाचं झाड, जे मागेल ते.

“तुझं ड्रिल मशीन दोन दिवस देशील? पडदे लावायचेत.”